तार कुठे तुटली, ते आधी सांग

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

रत्नागिरीचा तेवीस वर्षांचा वाचक. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून एमआयडीसीत नोकरीला लागलाय, संध्याकाळी पाच जणांच्या बँडमध्ये लीड गिटार वाजवतो. हळदी, गॅदरिंग, गणपती, जे मिळेल ते. गिटार स्ट्रॅट (फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची, कॉलेजातल्या एका सीनियरकडून नऊ हजारांना घेतलेली. गुढीपाडव्यापासून आतापर्यंत चौदा तारा तुटल्या, त्यांतल्या बारा पहिल्या, म्हणजे सगळ्यांत बारीक. गणपतीत भर कार्यक्रमात सोलोच्या मध्येच तार गेली, बाकीच्या पाचही बेसूर झाल्या आणि गायक माइकवरूनच म्हणाला, 'हात आवर रे बाबा!' सगळा मांडव हसला. तेव्हापासून ग्रुपमध्ये याचं नाव 'कसाई'. शिकवणारे सर म्हणतात, हात जड आहे. एक मित्र म्हणतो, अकराचा सेट (पहिली तार इंचाच्या अकरा हजारांश जाडीची) लाव, जाड तारा तुटत नाहीत. दुसरा म्हणतो, ही गिटार फुंकून टाक आणि हप्त्यावर चाळीस हजारांची घे. वडील म्हणतात, एवढं झेपत नसेल तर सोड. 'दादा, आता बेंड (तार बोटानं ओढून सूर चढवणं) घेताना मी अर्ध्यातच सोडतो, तार जाईल या भीतीनं. माझा हात खरंच जड आहे का? आणि कुठल्या कंपनीच्या तारा घेऊ, म्हणजे तुटणार नाहीत?'

मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तार कधी तुटली, कुणासमोर तुटली, तुटल्यावर कोण काय बोललं, सगळं आहे. तार कुठे तुटली, तेवढं मात्र नाही. ब्रिजपाशी, म्हणजे खाली तारा टेकतात तिथे? वर खुंटीपाशी? की मध्येच, जिथे पिक लागतं तिथे? चौदा तारा तुटल्या आणि चौदाही वेळा तू तुकडे गुंडाळून कचऱ्यात टाकलेस, असं दिसतंय. पुरावाच टाकून दिलास आणि मग लोक म्हणतील ते कबूल करत बसलास.

तुझा डिप्लोमा मेकॅनिकलचा आहे, म्हणून तुझ्याच भाषेत बोलतो. मशीनवर एकच पार्ट चौदा वेळा तुटला, तर तुमचे सुपरवायझर आधी ऑपरेटरचा स्वभाव बघतात की तुटलेला तुकडा हातात घेतात? तेच इथे कर. तुटलेल्या तारेचा एक तुकडा गोळीच्या (टोकाच्या, ब्रिजमध्ये अडकणाऱ्या मण्याच्या) बाजूचा असतो, दुसरा खुंटीच्या बाजूचा. दोन्ही कागदाच्या पाकिटात घाल. पाकिटावर तार कधी चढवली आणि कधी तुटली, त्या तारखा लिही. नवी तार चढवताना गोळीकडचा तुकडा जागेवर धरून बघ, टोक नेमकं कुठे येतं ते लगेच कळेल. माझ्याकडे अशा तुकड्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा होता. बायको म्हणायची, अस्थी कधी विसर्जन करणार?

तू लिहिलं नाहीस, तरी अंदाज करतो. जुनी स्ट्रॅट, बारा वेळा तीच तार, बेंडची सवय: बहुतेक तार सॅडलवर, म्हणजे ब्रिजवर प्रत्येक तारेखाली असतो त्या धातूच्या छोट्या टेकूवर, तुटत असणार. गोळीकडचा तुकडा सगळ्यांत आखूड, जेमतेम दोन-अडीच इंचांचा असेल, तर खात्रीच समज.

आता 'पहिलीच तार का' हे एकदा नीट समजून घे, कारण तुझ्या डोक्यातली 'कसाई'ची भानगड तिथेच मिटते. स्ट्रॅटवर नटपासून (मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंतचं अंतर असतं २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. एवढ्या लांबीच्या तारेतून पेटीच्या पांढरी तीनचा वरचा सूर, सेकंदाला ३३० कंपनं, काढायचा तर नऊच्या सेटमधली ०.२३ मिलिमीटरची तार साधारण ६ किलोनं ताणावी लागते. सहा किलो म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण जाडी बघ. दर चौरस मिलिमीटरला तो ताण जातो १४५ किलोच्या घरात. तुमच्या वर्कशॉपमधला साधा एमएसचा (माइल्ड स्टीलचा) रॉड चाळीसेक किलोला हात टेकतो. गिटारची तार उत्तम प्रतीच्या पोलादाची असते, ती अडीचशेच्या आसपास तग धरते. म्हणजे तू पिक हातात घेण्याआधीच, नुसती सुरात लावल्यावर, तिची निम्म्याहून जास्त ताकद खर्ची पडलेली आहे. एका सुराचा बेंड घेतलास की ताण आणखी २६ टक्क्यांनी वाढतो. दीड सुराचा घेतलास की ४१ टक्क्यांनी, म्हणजे दोनशेच्या पुढे. दुसरी तार त्या मानानं निवांत असते. तिच्यावर दर चौरस मिलिमीटरला पहिलीच्या साधारण ५६ टक्केच ताण येतो. तिसरीवर तर त्याहून कमी. पहिली तार जगातल्या सगळ्या गिटारवाल्यांची जास्त तुटते, त्यात तुझ्या हाताची काही खासियत नाही.

आता याच हिशेबातून जाड तारांकडे बघ. दहाची पहिली तार त्याच सुराला ७.३ किलो मागते, अकराची ८.९ किलो. तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ वाढलं, भारही त्याच प्रमाणात वाढला. चौरस मिलिमीटरमागे ताण तिन्हींत सारखाच. सूर आणि लांबी तीच ठेवली, तर जाड तार आतून जास्त निश्चिंत असते हा समज खोटा आहे. जाड तारेला एवढा फायदा जरूर होतो की तेवढ्याच खोल ओरखड्यानं तिचं नुकसान कमी होतं, म्हणजे थोडे दिवस जास्त टिकते. पण मूळ दुखणं तसंच राहतं, वर बेंड घेताना बोटं सोलवटतात, नटच्या खाचा बारीक पडतात, गिटारची मान पुढे ओढली जाते, मागच्या स्प्रिंगा पुन्हा जुळवाव्या लागतात. स्टीव्ही रे वॉनसारखा वादक तेराच्या तारा लावून बेंड घ्यायचा हे खरं, पण तोही गिटार अर्धा सूर उतरवून लावायचा. हे अर्ध्या सुराचं मात्र लक्षात ठेव. पांढरी तीनची तार काळी दोनला लावलीस, तर ताण एका फटक्यात ११ टक्क्यांनी उतरतो. तुमच्या गायकाला चालत असेल तर सगळा बँड अर्धा सूर खाली आणा. गाणाऱ्यांना वरची पट्टी तशीही कार्यक्रमाच्या दुसऱ्या तासाला जड जायला लागते, फक्त कबूल कोणी करत नाही.

मुद्दा असा की तार काठावर जगते. अशा ताणातल्या वस्तूवर बारीकसा ओरखडा पडला की काय होतं, हे तू परीक्षेत लिहून आलायस: ताण त्या ओरखड्याच्या टोकाशी एकवटतो आणि वस्तू तिथूनच जाते. तो ओरखडा कोण पाडतंय, एवढंच शोधायचं आहे.

सॅडल बघ. १९५४ साली स्ट्रॅट बाजारात आली तेव्हापासून तिचा ब्रिज साधारण याच धाटणीचा आहे: तार गिटारच्या पाठीमागून ठोकळ्यातून वर येते, सॅडलच्या खाचेतून डोकं काढते आणि जवळजवळ काटकोनात वळून नटकडे धावते. त्या वळणावर धातूवर धातू घासतो. तू बेंड घेतोस, व्हॅमीचा (ब्रिज हलवून सूर वर-खाली करायचा) दांडा हलवतोस, हाताचा तळवा टेकवून तार दाबतोस, तेव्हा दर वेळी तार तिथे केसभर पुढे-मागे सरकते. वर्षं-दोन वर्षं हे झालं की सॅडलवर तारेची बारीक चर पडते आणि चरीच्या काठाला बर धरतो. जॉबला ड्रिल मारल्यावर भोकाच्या काठाला जो धरतो, तोच बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कड. तो डोळ्यांना दिसत नाही, तारेला मात्र रोज कापतो.

बर शोधायची माझी रीत अशी. पहिली तार सैल करून बाजूला घे. कान साफ करायच्या काडीचा कापूस थोडा विस्कटून सॅडलवरून, तार जाते त्याच दिशेनं, हलक्या हातानं ओढ. कापसाचा एखादा धागा अडकून मागे राहिला, की बर सापडला. मग मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरका मार आणि कॅमेऱ्यानं झूम करून फोटो काढ. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी उडालोच होतो. मला सॅडल गुळगुळीत वाटत होतं, फोटोत घाटरस्ता दिसला.

काढायचा कसा, ते तुला मी काय सांगू. तरी फाइल मारू नकोस, ते सॅडल तीन-चार मिलिमीटरचं आहे. हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर आण, सहाशेचा आणि बाराशेचा, दोन्ही मिळून चहा-वड्याच्या खर्चात येतात. जुन्या पाचव्या किंवा सहाव्या तारेचा वीतभर तुकडा घे, त्याला पेपरची बारीक पट्टी गुंडाळ आणि खऱ्या तारेच्याच वाटेनं, मागून वर आणि वरून पुढे, दहा-बारा वेळा फिरव. आधी सहाशे, मग बाराशे. शेवटी नुसत्या तुकड्याला पितळेचं पॉलिश लावून फिरव आणि कापडानं स्वच्छ पुसून घे. घासताना पिकअपवर (तारांचा आवाज टिपणाऱ्या, तारांखालच्या चुंबकांवर) चिकटपट्टी लाव, नाहीतर धातूची पूड चुंबकाला जाऊन बसेल आणि तुला वर्षभर शिव्या देईल. चर खोल करायची नाही, काठ गोल करायचे. पुन्हा कापूस फिरव. धागा अडकला नाही की थांब. मग मऊ पेन्सिलीचं शिसं, सहा बी असेल तर उत्तम, सॅडलवर आणि नटच्या खाचेत चोळ. त्यावर तार सरकते, घासत नाही.

एवढं करूनही त्याच ठिकाणी तुटली, तर वरच्या वळणाऐवजी तार खाचेच्या पुढच्या काठाला किंवा खालच्या पत्र्याच्या भोकाला घासतेय का ते बघ. तिथे जुनी युक्ती आहे: बारीक वायरचं प्लास्टिकचं आवरण सेंटिमीटरभर सोलून नळीसारखं तारेत ओवायचं आणि घासायच्या जागी बसवायचं. सॅडलच्या माथ्यावर ते येऊ द्यायचं नाही, नाहीतर आवाज मुका होतो. आणि सॅडलवरचा मुलामाच उडून आतला मऊ धातू दिसायला लागला असेल, तर घासत बसू नकोस, नवी सॅडलं मागव. मागवण्याआधी एका तारेच्या मध्यापासून शेजारच्या तारेच्या मध्यापर्यंतचं अंतर व्हर्नियरनं मोज. जुन्या धाटणीला ते ११.३ मिलिमीटरच्या आसपास भरतं, नव्याला १०.५. इथे चूक केलीस की सहा सॅडलं एकमेकांच्या मांडीवर बसतात.

एक आठवण सांगतो. शेजारच्या काकूंच्या तंबोऱ्याची तार सारखी तुटायची, म्हणून मी तो मिरजेला सतारमेकरांकडे घेऊन गेलो होतो. त्या कारागिरानं काकू कशा छेडतात, कितीदा छेडतात, काही विचारलं नाही. तारा उतरवल्या, घोडीवरून अंगठा फिरवला, डोळे मिटून परत फिरवला, कानशीचे चार हात मारले आणि म्हणाला, 'चहा घ्या, तोवर होतंय.' आपल्याकडे वाद्याकडे बघायची ही पद्धत शेकडो वर्षांची आहे. गिटार विजेवर चालते म्हणून तिला घोडी नसते असं थोडंच आहे?

आता तार दुसरीकडे तुटत असेल तर काय, कारण हे सदर वाचणारे आणखी पाच-पंचवीस जण आपापल्या तुटक्या तारा घेऊन बसले असतील. गोळीच्या अगदी लगत, जिथे तार स्वतःभोवती पिळलेली असते तिथे सुटली, तर त्या पिळावर सोल्डरचा एक थेंब टाकून घ्या. खुंटीपाशी तुटली, तर खुंटीच्या भोकाचा काठ धारदार असतो, नाहीतर तार चढवताना तिला मुरड पडलेली असते. पहिल्या तारेला तीनेक वेढे पुरतात, ते एकाखाली एक उतरत गेले पाहिजेत, एकमेकांवर चढलेले नकोत. एकदा उतरवलेली तार पुन्हा चढवू नका, जुन्या मुरडीवरच ती मान टाकते. सुरात लावताना नटपाशी 'टिंग' असा आवाज येत असेल, तर खाच तारेला धरून ठेवतेय, तिथेही पेन्सिलीचं शिसं. गिब्सन पद्धतीच्या गिटारला ब्रिज आणि मागची पट्टी वेगवेगळी असते. पट्टी फार खाली बसवली की तार ब्रिजच्या मागच्या काठाला घासते. पट्टीचे दोन स्क्रू थोडे वर घेतले की काम होतं. आणि सूर लावायच्या मोबाइल ॲपवर भरवसा ठेवून तार एक सप्तक वर न्यायचा पराक्रम नवशिके सगळेच एकदा करतात, त्याबद्दल बोलायला नको.

राहिली मधली जागा, पिकअपच्या आसपासची. तुझी तार तिथे तुटत असेल, तर तुझ्या हाताबद्दल बोलायला हरकत नाही. पण तेव्हाही 'हात जड' हे उत्तर मला पटत नाही. हात जड का होतो, हे विचार. घरी सराव करताना तारा तुटतात की कार्यक्रमात? तुझ्या पत्रात ज्या प्रसंगांचा उल्लेख आहे, ते सगळे कार्यक्रमातले आहेत. स्टेजवर डावीकडे ड्रम, उजवीकडे कीबोर्ड, समोर मांडवातली पोरं. तुझा अ‍ॅम्प कुठे असतो? जमिनीवर, तुझ्या पोटऱ्यांच्या मागे. पोटऱ्यांना ऐकू येत नाही. तुला स्वतःचं वाजवणं ऐकू येत नाही म्हणून तू आणखी जोरात मारतोस, तरी ऐकू येत नाही, म्हणून आणखी. मी ऑर्केस्ट्रात वाजवायचो तेव्हा तीन वर्षं हेच केलं. मग एका साउंडवाल्या काकांनी माझा अ‍ॅम्प उचलून प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला आणि कानाच्या दिशेनं तिरका केला. त्या दिवशी मनगट आपोआप सैल पडलं. तूही ते कर. शिवाय गिटारवरचा व्हॉल्यूम एरवी सातवर ठेव आणि सोलोला दहावर ने. जोर मनगटातून काढायचा नाही, त्या बटणातून काढायचा.

पिकचं म्हणशील, तर जाड पिक म्हणजे वाईट असं काही नाही. क्वीनचा ब्रायन मे ब्रिटिश सहा पेन्सचं जुनं नाणं घेऊन वाजवतो आणि त्याच्या तारा बारीक असतात. पिक तारेत किती खोल बुडतं, ते महत्त्वाचं. टोक दोन-तीन मिलिमीटर खाली गेलं, बस. आणि झिजून कडा खरबरीत झालेलं पिक खिशातून काढून फेकून दे, भावनिक होऊ नकोस. ब्रिजच्या अगदी जवळ तार कडक लागते, तिथे ठोकण्यापेक्षा इंच-दीड इंच पुढे येऊन वाजवून बघ.

आता तारखांकडे ये. पाकिटावर तारखा लिहायला सांगितलं, त्याचं कारण आहे. तार चढवल्यापासून चार-सहा दिवसांत तुटत असेल, तर दोष कुठल्या तरी काठाचा आहे. दीड-दोन महिने टिकून तुटत असेल, तर कदाचित दोष कोणाचाच नाही, तिचं आयुष्य संपलं. रत्नागिरीत ते लवकरच संपणार. खारा वारा, जून ते सप्टेंबर भिजलेली हवा आणि तुझा घाम. साध्या तारेवर कथलाचा पातळ थर असतो, तो गेला की खालच्या पोलादाला गंज धरतो, आणि गंजाचा प्रत्येक ठिपका म्हणजे तारेवरचा एक खड्डा. वाजवून झालं की जुन्या बनियनच्या तुकड्यानं तारा वरून आणि खालूनही पुसायच्या. गिटार खिडकीजवळच्या भिंतीवर टांगायची नाही, बॅगेत ठेवायची, सोबत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या चार-पाच. वाजवण्याआधी हात धू. हळदीला वाजवायच्या आधी वडा खाल्लेल्या हातानं गिटारला हात लावणारे माझ्या माहितीत आहेत, त्यांच्या तारांची अवस्था मी बघितली आहे.

कंपनीचं विचारलंस. डॅडारिओ, अर्नी बॉल, दोन्ही चांगल्या. अर्नी बॉलनं २०१७ मध्ये पॅराडाइम नावाच्या तारा ९० दिवस न तुटण्याच्या हमीसह काढल्या, डॅडारिओच्या एनवायएक्सएल तारांचं पोलादही नेहमीपेक्षा चिवट असतं. पण दोन्ही महाग, आणि बर असलेल्या सॅडलवर चढवल्यास तर महागातली तार तुटेल एवढाच फरक. माझं ऐकशील तर आता आहे तोच नऊचा सेट ठेव आणि पहिल्या तारा सुट्ट्या मागव, एकदम दहा. एका तारेसाठी दर वेळी सेट फोडणं हाच तुझा खरा खर्च आहे. ओळखीच्या दुकानातूनच घे, नावाजलेल्या कंपन्यांच्या नकली तारा ऑनलाइन सर्रास फिरतात. पाकीट निम्म्या किमतीत मिळत असेल, तर ते का मिळतंय ते तुला कळतं.

गिटार विकायचं? आत्ता नको. चाळीस हजारांच्या गिटारच्या सॅडललाही बर असू शकतो आणि हप्ते मात्र नक्की असतील. आधी वॉटर पेपर, मग हवं तर कोल्हापूर-मुंबईकडे गेलास की एखाद्या चांगल्या कारागिराकडून सेटअप. त्यानंतरही गिटार आवडली नाही तर जरूर बदल, पण 'आवडत नाही' म्हणून बदल. तुटक्या तारांचं खापर तिच्या डोक्यावर फोडून नको.

एक तार तुटली की बाकीच्या पाचही बेसूर होतात, हे तू लिहिलंस. गायक चिडला तो खरा यामुळे, आणि याला उपाय आहे. तुझा ब्रिज तरंगता आहे. तराजूसारखं समज: एका पारड्यात सहा तारांचा मिळून साधारण ३८ किलोचा ओढ, दुसऱ्यात मागच्या स्प्रिंगा. एक तार गेली की पारडं स्प्रिंगांकडे झुकतं आणि उरलेल्या पाच चढ्या होतात. गिटारच्या पाठीवरचं झाकण काढ. स्प्रिंगा ज्या पट्टीला अडकवल्यात, तिचे दोन लांब स्क्रू थोडे थोडे आवळत जा, पुन्हा पुन्हा सुरात लावत जा, जोपर्यंत ब्रिज बॉडीला सपाट टेकत नाही. वर आणखी एक-दीड फेरा. आता पहिली तार तुटली तरी बाकीच्या जागच्या हलणार नाहीत, तू गाणं रेटून नेशील. दांडा वर ओढून सूर चढवता येणार नाही, खाली दाबता येईल. तारांची उंची किंचित उतरेल, ती सॅडलच्या स्क्रूनं जुळवून घे.

आणि कार्यक्रमाला जाताना अ‍ॅम्पवर तीन सुट्ट्या पहिल्या तारा, कटर आणि खुंटी फिरवायचा वाइंडर एका डबीत हवाच. घरी घड्याळ लावून तार बदलायचा सराव कर, दोन मिनिटांत झाली पाहिजे. १९८५ साली अमेरिकेत फार्म एडच्या कार्यक्रमात बी. बी. किंग यांची तार हजारो लोकांसमोर तुटली. त्यांनी गाणं थांबवलं नाही, गाता गाताच नवी तार चढवली, सुरात लावली आणि पुढे वाजवायला लागले. त्यांना कोणी कसाई म्हटलं नाही.

यावरून गायकाचं. त्यानं माइकवरून जे म्हटलं ते चूकच, पण तो खलनायक नसणार. बेसूर गिटारवर त्याला अख्खं कडवं गावं लागलं असेल. ब्रिज टेकवून झाल्यावर एका तालमीला त्याच्यासमोर मुद्दाम पहिली तार सोडून दे आणि उरलेल्या पाचांवर गाणं वाजवून दाखव. मग सांग, माझ्याकडून काय करायचं ते मी केलंय, आता माइकवर बोलायचं नाही. वडिलांना सॅडलचा तो झूम केलेला फोटो दाखव. 'झेपत नाही' म्हणणारा माणूस बऱ्याचदा खर्चाला घाबरलेला असतो. दहा सुट्ट्या तारांचा हिशेब दाखवलास तर त्यांचा सूरही उतरेल.

सरांशी वाद घालू नकोस. त्यांनी तुझा हात ऐकलाय, सॅडल बघितलेलं नाही.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते बेंड अर्ध्यात सोडण्याचं. अर्ध्यात सोडलेला बेंड म्हणजे बेसूर सूर, आणि त्याची सवय लागली तर ती मोडायला तार बदलण्यापेक्षा फार जास्त दिवस लागतात. म्हणून सॅडल घासून झालं की त्याच संध्याकाळी नवी तार चढव, हातानं हलकेच ओढून ताणून घे, पुन्हा सुरात लाव. मग बाराव्या फ्रेटवर पहिल्या तारेचा पूर्ण एका सुराचा बेंड घे, चौदाव्या फ्रेटच्या सुराशी ताडून बघ. पन्नास वेळा. मोजून. त्यात तुटली, तर तुकडे पाकिटात घाल आणि मला फोटो पाठव, पुढचं तेव्हा बघू. बेंड घेताना मागे आणखी दोन बोटं टेकू दे, एकट्या अनामिकेला राबवू नकोस.

आणि कापलेली टोकं फरशीवर टाकू नकोस. अर्ध्या इंचाचं टोक पायात गेलं की दिसतही नाही आणि निघतही नाही. आमच्याकडे ते नेहमी माझ्या पायात न जाता घरच्यांच्याच पायात जायचं.

तुझा,
दादा